पॉल तॉर्तलिए : चेलोला नवा तोल देणारा फ्रेंच वादक

विसाव्या शतकात फ्रान्सने जगाला चार मोठे चेलोवादक दिले. पिएर फूर्निए (जन्म १९०६), आंद्रे नावारा (१९११), पॉल तॉर्तलिए (१९१४) आणि मॉरिस झांद्रों (१९२०) ही त्यांची नावे. चौघेही पॅरिसच्या राष्ट्रीय संगीतविद्यालयात म्हणजे कॉन्झर्व्हाटवारमध्ये घडले आणि चौघांचीही ध्वनिमुद्रणे आज आवर्जून ऐकली जातात. यांपैकी तॉर्तलिए यांच्याविषयी लिहिताना केवळ वादक एवढा परिचय अपुरा पडतो. ते शिक्षक होते, स्वररचनाकार होते, प्रसंगी वाद्यवृंदाचे संचालन करीत, आणि ज्या वाद्यावर त्यांनी आयुष्यभर प्रेम केले त्या वाद्याच्या ठेवणीतही त्यांनी बदल घडवून आणला. जे जसे हाती आले ते तसेच चालवून घ्यायचे नाही, ही वृत्ती त्यांच्या साऱ्या आयुष्यात दिसते. त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना हा धागा हाती ठेवणे सोयीचे ठरते.

चेलो म्हणजे काय?

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील मोठे आणि खर्जाचे वाद्य. त्याला चार तारा असतात आणि त्या गजाने वाजवल्या जातात. व्हायोलिन खांद्यावर धरतात. चेलो मात्र वादक बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन वाजवतो. त्याच्या आवाजाचा पल्ला पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या तारस्वरापर्यंत पोहोचत असल्याने मानवी गळ्याशी त्याचे साम्य नेहमी सांगितले जाते. आपल्याकडे हे वाद्य मैफलीत क्वचित दिसत असले, तरी त्याचा नाद अपरिचित नाही. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून मुंबईला गेलेल्या अनेक वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिन आणि चेलोच्या रांगा सांभाळल्या. जुन्या गाण्यांतील अंतऱ्याआधी येणारा गंभीर, घुमणारा सूर अनेकदा चेलोचाच असतो.

बालपण आणि शिक्षण

तॉर्तलिए यांचा जन्म पॅरिसच्या मोंमार्त्र भागात २१ मार्च १९१४ रोजी झाला. वडील ब्रिटनी प्रांतातील वंशाचे, व्यवसायाने लाकडी सामानाचे कारागीर. घरची परिस्थिती बेताचीच होती. मुलाने चेलो वाजवावा ही आईची तीव्र इच्छा, आणि त्या इच्छेपोटी वयाच्या सहाव्या वर्षी त्याच्या हाती वाद्य आले. प्रारंभीचे धडे बेआत्रिस ब्लूम यांच्याकडे झाले. पुढे लुई फयार यांनी त्यांना शिकवले. फयार यांचे बोटांच्या आणि गजाच्या सरावाचे पाठ आजही चेलोच्या विद्यार्थ्यांच्या हाती असतात. त्यानंतर कॉन्झर्व्हाटवारमध्ये झेरार एकिंग हे गुरू लाभले.

१९३० मध्ये, सोळाव्या वर्षी, तॉर्तलिए यांनी कॉन्झर्व्हाटवारचे प्रथम पारितोषिक मिळवले. त्या वेळी त्यांनी वाजवलेली रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ती होती इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांचा चेलो कन्चेर्टो. एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्या संवादातून उलगडणाऱ्या रचनेला कन्चेर्टो म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या छायेतून आलेली एल्गार यांची ही कृती १९१९ मध्ये लंडनला प्रथम सादर झाली तेव्हा पुरेशा तालमींअभावी फसली होती, आणि इंग्लंडबाहेर ती फारशी वाजवली जात नव्हती. चकचकीत कौशल्य दाखवण्याच्या संधी तिच्यात कमी. आत वळलेला, थकलेला, अखेरीस स्वतःशीच बोलणारा असा तिचा स्वभाव. पॅरिसमधल्या एका किशोराने परीक्षेत ती वाजवावी यातच त्याच्या आवडीनिवडीची दिशा कळते. पुढे या रचनेशी त्यांचे नाते अर्धशतकाहून अधिक काळ टिकले.

पारितोषिकानंतर त्यांनी शिक्षण थांबवले नाही. स्वरसंवादाचा, म्हणजे हार्मनीचा, अभ्यास त्यांनी झाँ गालों यांच्याकडे केला. चेलो हाती असलेल्याने रचनेचे व्याकरणही जाणले पाहिजे, हा आग्रह त्यांनी नंतर आपल्या विद्यार्थ्यांपाशीही धरला.

वाद्यवृंदातील वर्षे

१९३१ मध्ये पॅरिसच्या लामूरो वाद्यवृंदासोबत एदुआर लालो यांचा कन्चेर्टो वाजवून त्यांनी एकल वादक म्हणून पदार्पण केले. परंतु पदार्पण झाले म्हणजे कारकीर्द सुरू झाली असे नसते. तॉर्तलिए यांना पुढची अनेक वर्षे वाद्यवृंदात बसून उपजीविका करावी लागली. १९३५ ते १९३७ या काळात ते मोंते कार्लो येथील वाद्यवृंदात प्रमुख चेलोवादक होते. तेथे आर्तुरो तोस्कानिनी, ब्रूनो वॉल्टर यांसारख्या संचालकांच्या हाताखाली वाजवण्याची संधी मिळाली. त्याहून मोलाचा योग म्हणजे खुद्द रिखार्ड श्ट्राउस यांच्या संचालनाखाली त्यांच्याच ‘डॉन किहोते’ या रचनेतील चेलोची भूमिका तॉर्तलिए यांनी तेथे वठवली.

‘डॉन किहोते’ ही १८९७ साली पूर्ण झालेली रचना. सर्वांतेस यांच्या कादंबरीतील पवनचक्क्यांशी लढणारा वृद्ध सरदार श्ट्राउस यांनी चेलोच्या मुखाने बोलता केला आहे, तर त्याचा सेवक सांचो पांझा याचे बोलणे प्रामुख्याने व्हायोला या वाद्याकडे आहे. नायकाची धुंदी, त्याची फजिती आणि शेवटी शुद्धीवर येऊन त्याने घेतलेला निरोप हे सारे चेलोवादकाने शब्दांवाचून सांगायचे असते. उंच, शिडशिडीत बांध्याच्या आणि आदर्शवादी वृत्तीच्या तॉर्तलिए यांना ही भूमिका इतकी साजली की पुढे त्यांचे नाव आणि ही रचना रसिकांच्या मनात एकत्र जोडली गेली.

१९३७ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि सर्गेई कुसेवित्स्की यांच्या बोस्टन सिंफनी वाद्यवृंदात दाखल झाले. तेथे सुमारे तीन वर्षे काढल्यावर ते युरोपात परतले. युद्ध संपल्यावर पॅरिसमधील कॉन्झर्व्हाटवारच्या वाद्यवृंदात ते प्रमुख चेलोवादक झाले. १९४६ मध्ये चेलोवादक मॉड मार्तें यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे दोघांनी अनेक मैफली एकत्र केल्या.

लंडन आणि प्राद

एकल वादक म्हणून आंतरराष्ट्रीय कीर्ती त्यांना मिळाली ती वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला संचालक सर थॉमस बीचम यांनी श्ट्राउस महोत्सव भरवला. त्र्याऐंशी वर्षांचे श्ट्राउस त्यासाठी स्वतः लंडनला आले होते. या महोत्सवात तॉर्तलिए यांनी ‘डॉन किहोते’ वाजवले. बीचम यांच्यासोबत त्याचे ध्वनिमुद्रणही झाले. इंग्लंडच्या श्रोत्यांनी त्यांना त्या दिवसापासून आपलेसे केले आणि हा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

दुसरा निर्णायक टप्पा १९५० चा. त्या वर्षी योहान सेबास्टियन बाख यांच्या निधनाला दोनशे वर्षे होत होती. स्पेनमध्ये फ्रांको यांची हुकूमशाही आल्यावर देश सोडलेले थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स फ्रान्सच्या सीमेजवळील प्राद या लहानशा गावी राहत होते. फ्रांको यांच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवायचे नाही, असे व्रत घेऊन त्यांनी जाहीर मैफलीच बंद केल्या होत्या. कासाल्स जगाकडे येत नाहीत, तर जगानेच त्यांच्याकडे जावे, या विचाराने प्रादमध्ये बाखमहोत्सव भरला आणि त्यातील वाद्यवृंदाचे प्रमुख चेलोवादक म्हणून तॉर्तलिए यांची निवड झाली. कासाल्स यांच्या वादनाइतकाच त्यांच्या भूमिकेचाही तॉर्तलिए यांच्यावर खोल परिणाम झाला. कलावंताने राजकारणापासून दूर राहावे, असे म्हणण्याची सोय कासाल्स यांच्या सहवासात उरत नसे. त्याच वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव तॉर्तलिए दांपत्याने मारिया दे ला पाउ असे ठेवले. कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता. कासाल्स यांचे मायबोलीतले नावही पाउ हेच.

किबुत्झमधील वास्तव्य

१९५५ मध्ये, मैफलींची निमंत्रणे वाढत असताना, तॉर्तलिए कुटुंबासह इस्राएलला गेले आणि नेतान्याजवळील मआबारोत या किबुत्झमध्ये राहू लागले. किबुत्झ म्हणजे सामुदायिक वस्ती. तेथे जमीन आणि उत्पन्न सर्वांचे, भोजनगृह एकच, कामे वाटून घेतलेली. तॉर्तलिए यहुदी नव्हते. कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. या स्थलांतरामागे धर्माची किंवा वंशाची ओढ नव्हती. माणसे मालमत्तेवाचून, एकमेकांच्या बरोबरीने राहू शकतात का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतः जगून पाहायचे होते.

व्यवसायाच्या दृष्टीने हा निर्णय धोक्याचा होता. एकल वादकाची मागणी ही सतत समोर राहण्यावर अवलंबून असते. उशिरा लाभलेले यश हाती असताना वर्षभर बाजूला होणे म्हणजे ते गमावण्याची तयारी ठेवणे. तॉर्तलिए यांनी ती ठेवली. हे वास्तव्य कायमचे ठरले नाही. १९५६ मध्ये ते परतले. या काळाची आठवण त्यांच्या ‘इस्राएल’ सिंफनीच्या रूपाने उरली आहे. समतेने जगण्याचा हा प्रयोग त्यांच्यापुरता वर्षभरातच संपला, हे खरे. तरी कीर्ती आणि विश्वास यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी काय निवडले, हे त्यातून स्पष्ट होते.

वाकडी सळई

कारागिराच्या घरी वाढलेल्या या वादकाचे सर्वांत ठळक योगदान म्हणजे चेलोची एंडपिन. चेलोच्या तळातून निघून जमिनीवर टेकणाऱ्या सळईला एंडपिन म्हणतात. जुन्या काळी ही सळई नव्हती. वादक पोटऱ्यांमध्ये आवळून चेलो पेलत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा वापर रूढ झाला आणि वादकाचे पाय त्या भारातून सुटले. मात्र सळई सरळ असल्याने वाद्य बरेचसे उभेच राहत असे.

यातली अडचण साध्या निरीक्षणाने समजते. तार जितकी उभी, तितका गज तिच्यावर दाबून धरण्यासाठी हाताचे स्नायू अधिक ताणावे लागतात. तार आडवी होत गेली की हाताचे स्वतःचे वजनच गजातून तारेवर उतरते आणि बळ लावण्याची गरज कमी होते. सतारीची तार छेडणे आणि सारंगीवर गज ओढणे यांतील फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वजन आणि दाब यांचे हे गणित सहज कळेल. तॉर्तलिए यांनी सळईला मध्येच कोन दिला. त्यामुळे चेलोचा तळ जमिनीपासून वर उचलला गेला आणि वाद्य वादकाच्या छातीकडे कलून आडवे झाले. त्याचे तीन परिणाम झाले. गज धरलेला हात मोकळा झाला. डाव्या हाताला पट्टीच्या खालच्या टोकाकडील, म्हणजे तारसप्तकातील, स्वर गाठणे सोपे झाले. आणि वाद्याचा दर्शनी भाग वरच्या बाजूला वळल्याने नाद सभागृहात अधिक मोकळेपणाने पसरू लागला.

रशियाचे विख्यात चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांनीही वाकडी सळई स्वीकारल्यावर तिचा प्रसार जगभर झाला. आज सर्वच वादक ती वापरतात असे नाही. आडवा कललेला चेलो सांभाळणे काहींना अवघड वाटते आणि पुष्कळ जण लांब सरळ सळईवरच काम भागवतात. पण वादकाच्या शरीराला वाद्यापुढे झुकवण्याऐवजी वाद्याची ठेवण शरीराला अनुकूल करता येते, हा विचार तॉर्तलिए यांनी प्रत्यक्ष करून दाखवला.

शिक्षक तॉर्तलिए

परतल्यानंतर ज्या कॉन्झर्व्हाटवारमध्ये ते शिकले, तेथेच ते अध्यापक झाले. १९६९ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. पुढे जर्मनीतील एसेन आणि फ्रान्समधील नीस येथेही त्यांनी शिकवले. १९८० मध्ये बीजिंगच्या मध्यवर्ती संगीतविद्यालयाने त्यांना सन्माननीय प्राध्यापकपद दिले. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात चीनमध्ये पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासावर अवकळा आली होती. त्या पार्श्वभूमीवर या निमंत्रणाचे महत्त्व अधिक वाटते.

त्यांच्या शिष्यांत फिनलंडचे आर्तो नोरास हे ठळक नाव. १९६६ च्या चायकोव्हस्की स्पर्धेत नोरास यांनी दुसरे पारितोषिक मिळवले. इंग्लंडची जॅकलिन द्यु प्रे ही तरुण वादिका १९६२ मध्ये काही महिने पॅरिसला त्यांच्या वर्गात होती. तिचे मूळ गुरू विल्यम प्लीथ; एल्गार कन्चेर्टो ती पॅरिसला येण्यापूर्वीच लंडनमध्ये वाजवून गेली होती. तेव्हा तिच्या घडणीचे श्रेय तॉर्तलिए यांच्याकडे देणे योग्य होणार नाही. एकाच रचनेवर जीव लावलेले दोन पिढ्यांचे वादक एका वर्गात समोरासमोर बसले, एवढे मात्र खरे.

शिकवणे वर्गाच्या चार भिंतींत राहू नये, हाही त्यांचा आग्रह. १९६० च्या दशकात बीबीसी दूरचित्रवाणीवरून त्यांचे मास्टरक्लास प्रसारित झाले. विद्यार्थी वाजवतो, गुरू त्याला थांबवतो, एखादी ओळ गाऊन दाखवतो, हातवारे करतो, दृष्टांत देतो आणि पुन्हा वाजवायला लावतो, असे त्यांचे स्वरूप होते. फ्रेंच ढंगाची त्यांची इंग्रजी आणि त्यांचा ओसंडणारा उत्साह यांमुळे चेलोशी काडीचा संबंध नसलेल्या प्रेक्षकांनाही ते पाहावेसे वाटत. आपल्या अध्यापनाचे सार त्यांनी १९७५ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. डेव्हिड ब्लम यांच्याशी झालेल्या संवादांतून साकारलेले त्यांचे आत्मचित्र १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाख : आयुष्यभराचा अभ्यास

बाख यांच्या सहा चेलो सुईट हा कोणत्याही चेलोवादकाच्या कसोटीचा ग्रंथ मानला जातो. सुईट म्हणजे नृत्यांच्या लयींवर बेतलेल्या तुकड्यांची माला. इसवी सन १७२० च्या सुमारास रचलेल्या या मालांत चेलो पूर्णपणे एकटा असतो. तानपुऱ्यासारखा अखंड सूरही त्याच्या मागे नसतो. लय, स्वर आणि त्यांच्या तळाशी असलेला स्वरसंवाद हे सर्व एकाच गजाने सुचवायचे असते. दीर्घकाळ केवळ सरावाचे पाठ समजल्या गेलेल्या या रचनांना कासाल्स यांनी मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले.

तॉर्तलिए यांनी सहाही सुईटचे ध्वनिमुद्रण दोनदा केले, एकदा १९६० च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा सुमारे वीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी या सुईटची स्वतःची संपादित आवृत्तीही प्रसिद्ध केली. दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली तर एकच माणूस त्याच ओळींकडे पुन्हा नव्याने पाहताना जाणवतो. नृत्याचा ठेका दोन्हींत स्पष्ट आहे. प्रत्येक वाक्याला आरंभ आणि विराम असावा, सूर नुसता लांबत राहू नये, हा फ्रेंच परंपरेचा उच्चारस्पष्टतेचा संस्कारही दोन्हींत आहे.

रचना, कुटुंब आणि अखेर

स्वररचनाकार म्हणून तॉर्तलिए यांनी दोन चेलोंसाठी कन्चेर्टो, एकट्या चेलोसाठी सुईट आणि शिकाऊ मुलांसाठी छोटे तुकडे लिहिले. त्यांचे घर हेच एक वाद्यवृंद होते. पत्नी मॉड चेलोवादक. मुलगा याँ पास्काल व्हायोलिनवादक आणि पुढे नामवंत संचालक. मारिया दे ला पाउ पियानोवादक. धाकटी पोमोना चेलोवादक. याँ पास्काल यांनी १९९२ पासून दशकभर मँचेस्टरच्या बीबीसी फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुखपद सांभाळले. १८ डिसेंबर १९९० रोजी पॅरिसच्या वायव्येस असलेल्या व्हिलार्सो येथे तॉर्तलिए यांचे निधन झाले. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते.

ऐकायला सुरुवात कोठून करावी?

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी परिचय नसलेल्या वाचकाने पहिल्या बाख सुईटच्या प्रास्ताविकापासून, म्हणजे प्रेल्यूडपासून, प्रारंभ करावा. अडीच-तीन मिनिटांचाच तो तुकडा आहे. त्यानंतर एल्गार कन्चेर्टो घ्यावा. तॉर्तलिए यांनी तो अनेकदा मुद्रित केला. १९५३ मध्ये माल्कम सार्जंट, १९७२ मध्ये एड्रियन बोल्ट आणि १९८८ मध्ये चार्ल्स ग्रोव्ह्ज यांच्या संचालनाखालील मुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांतील बोल्ट यांच्यासोबतचे मुद्रण पहिल्या भेटीसाठी उत्तम. तिसऱ्या क्रमांकावर ‘डॉन किहोते’ ठेवावे. १९७३ मध्ये ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदासोबत, रुडॉल्फ केंपे यांच्या संचालनाखाली केलेले त्याचे मुद्रण सुस्पष्ट ध्वनीमुळे नव्या श्रोत्यालाही सुगम वाटते. ऐकण्यापूर्वी सर्वांतेस यांची कथा ठाऊक असली तर बरे. नसली तरी शेवटचा निरोपाचा भाग आला की तो कोणाचा आणि कशाचा आहे, हे चेलोच सांगतो.